जुनी विज्ञान मालिका टीव्हीवर परत आणायची? मग आधी पत्ता शोधा

"निवेदन देऊन टाकू ना!" नागपूरच्या धरमपेठेतल्या तर्री-पोह्यांच्या ठेल्यावर आमच्यातला सगळ्यात तापट मेंबर म्हणाला आणि त्यानं वहीचं पान फाडलंसुद्धा. "कोणाले देतं बे निवेदन?" असं दुसऱ्यानं विचारलं, तेव्हा सगळे आपापल्या प्लेटमधल्या तर्रीकडे बघायला लागले. आमच्या मोहिमेचं पहिलं वर्ष या एका प्रश्नाचं उत्तर न शोधता गेलं.

आम्ही पाच-सहा जण एका जुन्या विज्ञान मालिकेच्या मागे लागलो आहोत. कोणती, ते मुद्दाम सांगत नाही. नाव सांगितलं की ती भारी होती की नुसतं पुठ्ठ्याचं यान अन् थर्माकोलचे दगड होते, यावर तुम्ही भांडत बसाल आणि पुढचं वाचायचं राहून जाईल. ती अजून लागलेली नाही, हेही आधीच सांगते. पण कुठल्या दारावर टकटक करायची आणि कुठल्या नाही, हे आता आम्हाला पाठ झालंय. नव्यानं या भानगडीत पडणाऱ्यांसाठी ते लिहून ठेवते.

पहिली पायरी : एकच मालिका, एकच मागणी

ऐंशीच्या दशकात रविवारी सकाळी दूरदर्शनवर 'स्टार ट्रेक' लागायची तेव्हा आमच्या गल्लीत क्रिकेट बंद पडायचं. पुढे 'स्पेस सिटी सिग्मा', 'इंद्रधनुष', नव्वदीच्या शेवटी मिलिंद सोमणचा 'कॅप्टन व्योम'. त्यामुळे पहिल्या बैठकीत माणसं सहा आणि मालिका सात, असा प्रकार झाला. "सगळ्याच मागू," असं म्हणू नका. सात मालिका मागणारं पत्र म्हणजे आठवणींचा कागद. तो वाचून साहेब फार तर हसतो आणि फाइलला लावतो.

मालिका ठरली की आणखी एक वाद उकरून काढा, कारण तो पुढे निघणारच आहे. 'परत आणा' म्हणजे नेमकं काय? जुने भाग पुन्हा दाखवा? टीव्हीवर नाही तर निदान मोबाइलवर तरी बघायला द्या? जिथं गोष्ट थांबली तिथून नवे भाग काढा? की तीच गोष्ट नव्या नटांना घेऊन बनवा? पहिल्या दोन मागण्यांना लागते ती टेप, हक्क आणि वेळ. पुढच्या दोन मागण्यांना कोट्यवधी रुपये लागतात आणि तो निर्णय वेगळीच माणसं घेतात.

अमेरिकेतल्या 'बॅटलस्टार गॅलॅक्टिका'चं उदाहरण लक्षात ठेवा. १९७८ ची ही मालिका एकाच हंगामात बंद झाली. तिच्यातला नायक झालेला रिचर्ड हॅच हा नट पुढे वर्षानुवर्षं ती परत यावी म्हणून झटला, पदरचे पैसे घालून त्यानं जुनी गोष्ट पुढे नेणारी एक झलकही तयार केली. मालिका परत आली ती २००३ मध्ये, पण जुनी गोष्ट पुढे न्यायला नव्हे, तर मुळापासून नव्यानं. हॅच आधी नाराज होता, नंतर त्याच नव्या मालिकेत त्यानं वेगळीच भूमिका केली. तुम्हाला जुनीच हवी असेल तर मागणीत 'मूळ भाग' हे दोन शब्द ठळक हवेत.

आणि हो, मोहीम सुरू करायच्या आधी एक संध्याकाळ खर्चून ती मालिका आधीच कुठं उपलब्ध आहे का ते बघून घ्या. दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीनं आपल्या संग्रहातलं बरंच काही यूट्यूबवर टाकलंय, आणि नोव्हेंबर २०२४ पासून त्यांचं 'वेव्हज' नावाचं ओटीटीही सुरू आहे. दोन महिने सह्या गोळा केल्यावर कोणाच्या तरी भाच्यानं मोबाइलवर तीच मालिका काढून दाखवली, तर तोंड लपवायला अंबाझरी तलावही पुरायचा नाही.

दुसरी पायरी : मालक कोण, ते शोधा

इथं घाई करू नका. बाकी सगळं यावर उभं आहे.

आपल्याला वाटतं, दूरदर्शनवर लागलं म्हणजे दूरदर्शनचं. तसं नसतं. त्या काळात मालिका मुख्यतः दोन वाटांनी यायच्या. एक प्रायोजित : निर्माता स्वतः पैसे उभे करायचा, दूरदर्शनला शुल्क भरून वेळ घ्यायचा आणि मधल्या जाहिरातींतून खर्च काढायचा. १९८४ ची 'हम लोग' ही या वाटेची सुरुवात. अशा मालिकांचे हक्क साधारणपणे निर्मात्याकडे राहतात. दुसरी वाट म्हणजे दूरदर्शननं पैसे देऊन बनवून घेतलेल्या मालिका. त्यांचे हक्क साधारणपणे दूरदर्शनकडे. तुमची मालिका पहिल्या वाटेनं आलेली असेल आणि तुम्ही शंभर पत्रं दिल्लीला धाडलीत, तर तिथला माणूस मनातून राजी असला तरी दाखवू शकत नाही. मंजुरी अंधेरीतल्या कुठल्यातरी बंद पडलेल्या कंपनीच्या वारसाकडून यायची असते.

जुनं आहे म्हणजे आता सगळ्यांचं झालं, असाही एक गोड गैरसमज असतो. कॉपीराइट कायद्यानुसार चित्रित कृतीचा हक्क ती प्रसिद्ध झाली त्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. म्हणजे १९८९ ची मालिका २०४९ संपेपर्यंत कोणाच्या तरी मालकीची आहे.

मालक शोधायला सुरुवात श्रेयनामावलीपासून करा. कुठल्याही एका भागाची शेवटची पाटी मिळाली तरी पुरे. तिथं निर्माता, निर्मिती संस्था, कधी कधी प्रयोगशाळेचं नावही असतं. भाग मिळतच नसेल तर त्या काळची वर्तमानपत्रं चाळा, रविवारच्या पुरवणीत टीव्हीचं पान असायचं. जुन्या अंकांच्या फायली ग्रंथालयात बसून बघाव्या लागतात आणि ते काम कंटाळवाणं आहे. आमच्यात ते बँकेतून निवृत्त झालेल्या काकाजींनी केलं, कारण त्यांना उन्हाळ्यात गार जागा हवी होती.

एवढं करूनही अडलात तर माहितीचा अधिकार आहेच. प्रसार भारती सार्वजनिक प्राधिकरण आहे, त्यामुळे २००५ चा कायदा तिला लागू होतो. अर्ज केंद्र सरकारच्या आरटीआय पोर्टलवरून करता येतो, शुल्क १० रुपये, तिथं मजकुराला ३,००० अक्षरांची मर्यादा. टपालानं पाठवायचा असेल तर १० रुपयांची पोस्टल ऑर्डर जोडा. अर्ज मराठीतही चालतो, कायद्यात इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाची राजभाषा असं स्पष्ट म्हटलंय. तरी माझा सल्ला हिंदीचा : दिल्लीत भाषांतराला फिरत बसण्यापेक्षा आपणच 'महोदय' म्हणून मोकळं व्हावं. उत्तर ३० दिवसांत यायला हवं. नाही आलं, किंवा आलेलं पटलं नाही, तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, त्याला शुल्क नाही.

आता यात सगळे चुकतात ती गोष्ट. आमच्या पहिल्या अर्जातला पहिला प्रश्न होता, "ही मालिका पुन्हा का दाखवली जात नाही?" हा प्रश्न मनाला बरा वाटतो, पण माहितीच्या अधिकारात 'का' चालत नाही. नोंदीत असलेली माहिती मागायची असते. आमचा अर्ज एका ओळीच्या उत्तरासह परत आला आणि आम्ही सव्वा महिना गमावला. प्रश्न असे विचारा :

या नावाच्या मालिकेचे किती भाग आपल्या संग्रहात आहेत, त्याची संख्या द्यावी.
ते कोणत्या प्रकारच्या टेपवर आहेत, आणि त्यांतले किती डिजिटल स्वरूपात आणले गेलेत?
मालिका प्रायोजित होती की दूरदर्शननं निर्मितीसाठी दिलेली?
नोंदीनुसार प्रक्षेपणाचे हक्क कोणाकडे आहेत?
शेवटचं प्रक्षेपण कोणत्या तारखेला झालं?

करार किती रुपयांचा होता, हे विचारू नका. ते व्यापारी गुपित म्हणून नाकारता येतं, आणि एक प्रश्न नाकारायचा म्हटलं की बाकीचेही रेंगाळतात.

हक्क निर्मात्याकडे निघाले, तर आनंद माना. पटत नाही ना? पण सरकारी खात्यापेक्षा एक माणूस गाठणं सोपं. त्याच्याशी बोलताना मात्र लक्षात ठेवा, तीस-पस्तीस वर्षांत त्याला या मालिकेबद्दल फोन आले असतील ते फुकट मागणाऱ्यांचे. पहिल्या फोनवर काहीही मागू नका. "सर, तुमची मालिका आम्ही विसरलो नाही," एवढंच म्हणा आणि त्यांना बोलू द्या. आम्ही ज्या गृहस्थांना फोन केला ते पाऊण तास बोलले, त्यांतली चाळीस मिनिटं यानाचा दरवाजा कसा उघडत नसे यावर.

तिसरी पायरी : टेप जिवंत आहे का

ही पायरी बहुतेक जण गाळतात, कारण मालिका म्हणजे कुठंतरी कपाटात नीट ठेवलेली वस्तू, अशी आपली समजूत. बीबीसीनं १९६३ पासून 'डॉक्टर हू' ही विज्ञान मालिका दाखवली, आणि साठ-सत्तरच्या दशकांत तिच्या कितीतरी जुन्या भागांच्या टेपा पुसून टाकल्या. टेप महाग होती, जागा कमी होती, पुन्हा दाखवण्याचे हक्क संपत होते आणि घरोघरी व्हिडिओ येईल हे कोणाच्या मनात नव्हतं. हरवलेल्या त्या भागांचा आवाज तेवढा वाचला, तोही चाहत्यांमुळे : पोरं घरी टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर धरून बसायची. परदेशी विकलेल्या प्रतींतून काही भाग पुढे सापडले, २०१३ मध्ये तर एकदम नऊ भाग नायजेरियातून मिळाले.

तेव्हा तुमच्या घरच्या माळ्यावर पडलेली व्हीएचएस कॅसेट ही गंमत नाही, ती कदाचित पुरावा आहे. आणि नागपुरात तिचे दोन शत्रू. एक मे महिना : ४५ अंशांच्या पुढे तापणाऱ्या शहरात पत्र्याखालचा माळा म्हणजे भट्टीच. दुसरा शत्रू आपण स्वतः पाणी घालून पोसतो, तो म्हणजे कूलर. ज्या खोलीत चार महिने कूलर चालतो त्या खोलीतल्या कपाटात ओल धरते, आणि टेपेवर पांढरी बुरशी येते. माझ्या माहेरी अशा अकरा कॅसेट निघाल्या, त्यांतल्या चारांच्या खिडकीतून बघितलं तर आत कापूस पिंजल्यासारखं दिसत होतं.

अशी कॅसेट "चालते का बघू" म्हणून प्लेअरमध्ये घालू नका. बुरशी यंत्रात पसरते, पुढच्या चांगल्या कॅसेटीलाही लागते, आणि ओढाताणीत टेप तुटते ती वेगळीच. कॅसेट उभी ठेवा, आडवी नाही. स्पीकर आणि इन्व्हर्टरपासून दूर, कोरड्या कपाटात. वर नाव, अंदाजे वर्ष, कोणी भरली, हे लिहा. डिजिटल प्रत जुन्या टेपांचं काम करणाऱ्याकडूनच करून घ्या, आणि मूळ कॅसेट फेकू नका, आईला सांगून ठेवा. "काय कचरा जमा करून राहिली," हे वाक्य माझ्या घरी अजून चालू आहे.

एक मोह टाळायचा. प्रत हातात आली की ती यूट्यूबवर किंवा टेलिग्रामवर टाकावीशी वाटते. टाकलीत तर पन्नास लोक वाहवा करतील आणि निर्माता तुमचा फोन उचलणं बंद करेल. आमच्या ग्रुपमधल्या एका उत्साही पोरानं हेच केलं. पुढचे सहा महिने आम्ही त्याच्या वतीनं माफी मागत होतो. ती प्रत मालकाला देऊ करा. संग्रहात एखादा भाग नसेल, तर बोलणं सुरू करायला यापेक्षा चांगलं निमित्त नाही.

चौथी पायरी : पत्र

सगळ्या चाहत्यांची आजी म्हणावी अशी मोहीम 'स्टार ट्रेक'ची. १९६६ साली सुरू झालेली मालिका दुसऱ्याच हंगामानंतर बंद पडणार, अशी कुणकुण १९६७ च्या शेवटी लागली. कॅलिफोर्नियातल्या बीजो आणि जॉन ट्रिंबल या जोडप्यानं पत्ते जमवले आणि चाहत्यांना कळवलं : दहा जणांना लिहायला सांगा, त्यांना म्हणावं आणखी दहा जणांना सांगा. छापील मजकुरावर नुसती सही नको, प्रत्येकानं स्वतःच्या शब्दांत आणि सभ्य भाषेत लिहावं. एक लाखाहून जास्त पत्रं आली. शेवटी १ मार्च १९६८ ला एनबीसी या वाहिनीनं त्या दिवशीचा भाग संपता संपता निवेदकाकरवी जाहीर केलं की मालिका चालू राहणार आहे.

आपल्याकडेही पत्रांची ताकद पाहिलेली माणसं आहेत. रेणुका शहाणे आणि सिद्धार्थ काक यांच्या 'सुरभी'ला इतकी पोस्टकार्डं यायची की टपाल खात्याला स्पर्धांसाठी दोन रुपयांचं वेगळं कार्ड काढावं लागलं होतं.

साधं पोस्टकार्ड आजही ५० पैशांना मिळतं. शंभर माणसांची मोहीम पन्नास रुपयांत! कोपऱ्यावरच्या टपाल कार्यालयात कार्डं असतीलच असं नाही, सिव्हिल लाइन्सच्या जीपीओत एकदाच जाऊन गठ्ठा घेऊन या. कार्डावर जागा थोडी असते, हा त्याचा मोठा गुण. माणूस 'आमच्या लहानपणी' सुरू करतो तोवर जागा संपत येते आणि मुद्द्यावर यावंच लागतं.

वाईट कार्ड कसं असतं, ते आमच्याच गठ्ठ्यातून : "आजकालच्या सासू-सुनेच्या मालिका बंद करा आणि आमची सुंदर मालिका दाखवा." यात मागणी अर्धी आणि शिवी अर्धी. वाचणाऱ्यानंच त्या सासू-सुना मंजूर केलेल्या असतात. चालणारं कार्ड असं असतं, इथं मराठीत देते, दिल्लीला पाठवताना हिंदीत लिहा :

"महोदय, ही मालिका मी सातवीत असताना दूरदर्शनवर बघितली. आता माझी मुलगी सातवीत आहे, तिला अवकाशाचं वेड आहे. मूळ भागांचं रविवारी सकाळी पुनःप्रक्षेपण करावं, ही विनंती. आमच्या घरी चार जण बघू." खाली नाव, वय, व्यवसाय, नागपूर आणि पिन कोड.

'चार जण बघू' हे वाक्य गाळू नका. समोरचा माणूस आठवणी मोजत नाही, प्रेक्षक मोजतो. वयही लिहाच, आणि पंचविशीच्या आतल्यांकडून मुद्दाम लिहून घ्या. सगळी कार्डं पन्नाशीतल्यांची असतील तर तो निवृत्तांचा मेळावा वाटतो.

पत्ता : राष्ट्रीय वाहिनीसाठी महानिदेशक, दूरदर्शन, कोपर्निकस मार्ग, नवी दिल्ली. मालिका मराठी असेल तर मुंबईत वरळीचं सह्याद्री. सेमिनरी हिल्सवरच्या आपल्या केंद्रात जायला हरकत नाही, बोलणं होतं, पण राष्ट्रीय वाहिनीवर काय लावायचं हे तिथं ठरत नाही. सह्यांच्या कागदांसोबतचं मुख्य पत्र स्पीड पोस्टानं पाठवा, पावती जपा आणि पुढच्या प्रत्येक पत्रात तिचा क्रमांक व तारीख टाका. सरकारी कागद कागदालाच ओळखतो.

डिसेंबर आला की कोणीतरी हमखास म्हणणार : अधिवेशन आहे, मोर्चा काढू, मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटपर्यंत तरी जाऊ! नागपूरकराच्या रक्तातच आहे ते. पण विधिमंडळ राज्याचं आणि प्रसारण केंद्राचा विषय. मुख्यमंत्र्यांनी जरी तुमची मालिका लहानपणी बघितली असेल, तरी त्यांच्या हातात ती नाही. गाठायचं तर खासदारांना गाठा. माहिती व प्रसारण मंत्र्यांच्या नावानं त्यांच्या लेटरहेडवर चार ओळी मिळाल्या, तर त्या शंभर कार्डांइतक्या चालतात, कारण त्या पत्राला उत्तर द्यावं लागतं. जाताना मजकूर टाइप करून न्या. "तुम्हीच काहीतरी लिहा साहेब," असं म्हणालात तर ते काहीतरीच लिहिलं जातं. केंद्राच्या तक्रार पोर्टलवर मात्र वेळ घालवू नका, तिथं सूचना ही तक्रार धरली जात नाही.

ऑनलाइन सह्यांबद्दल थोडक्यात : घ्या, पण त्यांच्यावर विसंबू नका. गावाचं नाव आणि पिन कोड मागा, नाहीतर पाच हजार सह्यांमधले किती जण घरी डीडी लावतात ते सांगता येत नाही. वर्तमानपत्रात वाचकांच्या पत्रव्यवहारात एखादं पत्र छापून आलं की त्याचं कात्रण पुढच्या पत्राला जोडा.

संत्री पाठवू नका

२००७ मध्ये अमेरिकेतल्या सीबीएस या वाहिनीनं 'जेरिको' ही अणुहल्ल्यानंतरच्या एका गावाची मालिका बंद केली. शेवटच्या भागात नायक शत्रूला "नट्स" असं तुच्छतेनं सुनावतो, तो धागा पकडून चाहत्यांनी वाहिनीच्या कचेरीत शेंगदाणे पाठवायला सुरुवात केली. वीस टनांहून जास्त! वाहिनीनं सात भाग आणखी काढले. हे वाचून आमच्या तापट मेंबरनं लगेच सुचवलं, आपण दिल्लीला संत्री पाठवू. कल्पना देखणी आहे, मलाही मोह झाला होता.

पण सीबीएस खाजगी कंपनी होती. इथं समोर सरकारी नोकर आहे, त्याला भेटवस्तू घेण्यावर आचारसंहितेची बंधनं आहेत, आणि तुमच्या पेटीमुळे तो बिचारा अडचणीत येतो. शिवाय संत्री. चार दिवस पार्सलात राहिली की वास सुटतो, मग त्या कचेरीत तुमच्या मालिकेचं नाव निघालं की लोक नाक धरतील. काहीतरी नागपुरी हवंच असेल तर कार्डाच्या मागे पोरांकडून संत्र्याच्या आकाराचा ग्रह काढून घ्या. आम्ही काढून घेतले. एका सहा वर्षांच्या मुलानं ग्रहाला सालीसकट फोडी दाखवल्या.

पाचवी पायरी : वेळ मागून घ्या

'जेरिको'ची गोष्ट सात भागांवर संपते, कारण परत आल्यावर ती बघायला पुरेसे लोक बसले नाहीत आणि २००८ मध्ये ती पुन्हा बंद झाली. 'स्टार ट्रेक'चं तिसरं वर्षही तसंच. चाहते जिंकले, पण वाहिनीनं मालिका शुक्रवारी रात्री दहाला टाकली, म्हणजे तरुण पोरं घराबाहेर असतात तेव्हा. १९६९ मध्ये ती संपलीच. फायदा झाला तो असा की भागांची संख्या ७९ वर गेली आणि छोट्या स्थानिक वाहिन्यांना रोज पुन्हा पुन्हा दाखवायला पुरेल एवढा साठा झाला. त्या पुनःप्रक्षेपणांतून खरे चाहते तयार झाले, आणि १९७९ मध्ये चित्रपट आला.

म्हणून आपल्या मालिकेचे भाग मोजा. दूरदर्शनवर तेव्हा मालिका तेरा-तेरा भागांच्या हिशेबानं मंजूर व्हायच्या. तेराच भाग असतील आणि तुम्ही 'रोज दाखवा' म्हणालात, तर दोन आठवड्यांत कारभार आटोपला, कोणाला पत्ताही लागणार नाही. आठवड्याला एक म्हणाल तर तीन महिने मिळतात. त्या तीन महिन्यांत शाळा सुरू असाव्यात, परीक्षा नसाव्यात. म्हणजे जुलै ते सप्टेंबर. हे सगळं पत्रात लिहा. वाहिनीवाल्याला वेळापत्रक आयतं मिळालं तर तो आनंदानं त्यात खोट काढायला बसतो, आणि खोट काढता काढता विषय पुढे सरकतो.

मोकळी वेळ केव्हा मिळते तेही ओळखा. २०२० च्या टाळेबंदीत २८ मार्चपासून 'रामायण' पुन्हा लागलं, लोकांच्या मागणीवरून लागल्याचं तेव्हाचे मंत्री प्रकाश जावडेकर यांनी सांगितलं, आणि १३ एप्रिलला जुन्या मालिकांसाठी डीडी रेट्रो ही वाहिनीच सुरू झाली. मागणी आधीही होतीच. पण चित्रीकरणं थांबलेली, नवं काही दाखवायला नाही, लोक घरात, आणि टेपा हाताशी. असा काळ रोज येत नाही, येऊही नये. पण चांद्रयान उतरतं, अवकाशवीर परत येतो, २८ फेब्रुवारीचा विज्ञान दिन असतो, अशा वेळी वाहिनीवाले अवकाशाशी जोडलेलं काहीतरी शोधत असतात. तेव्हा तुमची फाइल तयार हवी : हक्क कोणाकडे, भाग किती, टेप कुठं, मालकाचं संमतीपत्र. विज्ञान दिनाच्या कार्यक्रमासाठी म्हणत असाल तर पत्र नोव्हेंबरातच जायला हवं.

मधल्या काळात माणसं टिकवणं

उत्तरांची वाट बघण्यात ग्रुप विरघळतो, हे मी बघितलंय. आमचे सहाचे तीन झाले होते. मग आम्ही महिन्यातून एकदा भेटायचं ठरवलं आणि मालिकेची चर्चा तिथं बंद केली! गांधीसागरजवळच्या रामन विज्ञान केंद्रात जायचं, तारांगण बघायचं, पोरांना सोबत न्यायचं. कधी एखाद्या मराठी विज्ञानकथेवर बोलायचं. जयंत नारळीकरांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत आपली आद्याक्षरं उलटी करून 'नारायण विनायक जगताप' या नावानं कथा पाठवली आणि बक्षीस मिळवलं, हा किस्सा आमच्या बैठकीत इतक्यांदा झालाय की आता पोरंच तो सांगतात. भाग दाखवायचे तर घरच्या दिवाणखान्यात, घरच्या माणसांत. सभागृह घेऊन जाहीर दाखवायचे असतील तर मालकाची परवानगी लागते.

पोरांना सोबत न्यायचं आणखी एक कारण. १९८६ मध्ये बीबीसीच्या एका कार्यक्रमात सोळा वर्षांचा क्रिस चिबनॉल 'डॉक्टर हू'च्या लेखकांसमोर बसून मालिका कशी घसरलीय ते सुनावत होता. तीनच वर्षांनी मालिका बंद पडली. २००५ मध्ये ती परत आणली रसेल टी. डेव्हिसनं, तोही लहानपणापासूनचा चाहता. आणि २०१८ मध्ये मालिकेची सूत्रं गेली त्याच चिबनॉलकडे. आमच्या ग्रुपमधली दहावीतली पोरगी सध्या बाबांचा कॅमेरा घेऊन गॅलरीत यान उतरवत असते. आम्ही तिला शेंगदाणे देतो.

लागलीच, तर

समजा पत्र आलं की मालिका लागणार आहे. पहाटे सहाची वेळ मिळाली असेल, तर त्याच दिवशी कुरकुर करू नका. पहिला भाग लागला त्या दिवशीच धन्यवादाची कार्डं टाका, जितकी मागणीची होती तितकीच. नातेवाइकांना आदल्या रात्री फोन करून आठवण द्या, कारण पहाटे मेसेज कोणी बघत नाही. यूट्यूबवर अधिकृत भाग आले तर तिथंच बघा, तो आकडा त्यांच्यासमोर दिसतो. टीव्हीचे आकडे देणारे बार्कचे मीटर निवडक घरांतच असतात आणि तुमचं घर त्यात असण्याची शक्यता फार थोडी. वेळ बदलून मागायचं पत्र पाचव्या आठवड्यात, तोवर मुलांची किती कार्डं गेली त्याच्या हिशेबासह. ते पत्र मी आत्ताच लिहून ठेवलंय, तारखेची जागा तेवढी कोरी आहे.